वैजू, ती ‘माका पण’ म्हणाली होती

वैजू,

तुझी बातमी आली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. मुलं आपापल्या चटईवर कामाला लागली होती. वर्ग चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा आपल्या मॉन्टेसरी बालघराचा नियम तुझ्या-माझ्या वेळेपासूनचा. कपाटावरचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा मी उठून बघितलं तर पडद्यावर तुझं नाव. बालघर सोडल्यापासून चौदा महिन्यांत तू दोनदाच फोन केला होतास. मला बरं वाटलं, आणि पाठोपाठ भीती वाटली की आता तू अल्बमांचं विचारशील. मी फोन उलटा करून ठेवला.

साडेअकराला मुलं घरी गेली. मग मी तुला फोन लावला आणि पलीकडून तुझी वहिनी बोलली. तू पहाटेच गेली होतीस, गोव्याच्या इस्पितळात. तुझ्याच फोनमधली नावं बघून ती एकेकाला कळवत होती. म्हणजे ते दोन-सव्वादोन तास तू माझ्या लेखी जिवंत होतीस, आणि मी तुला टाळत होते.

वहिनीने सगळं सांगितलं. लावणी चालू होती, तुझ्या टाचेला चीर पडली होती. ताप आला. तू गोळी घेऊन पुन्हा चिखलात उतरलीस. शेताचे दोन कोपरे रवलेत, ते लावून डॉक्टराकडे जातंय, असं म्हणालीस. ते दोन कोपरे लावून झाले तोवर डोळे पिवळे झाले होते. आधी ओरोसच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून गोव्याला. लेप्टो, चिखलाच्या पाण्यातून अंगात शिरणारा ताप, असं वहिनी म्हणाली. आपल्याकडे दर पावसाळ्यात हा शब्द कानावर येतो आणि आपण तो दुसऱ्याच्या घरचा समजून सोडून देतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. तू बालघरात राहिली असतीस तर जुलै महिन्यात आठवडाभर चिखलात नसतीस. मग मीच स्वतःला सांगते, रविवारी तर उतरलीच असतीस, तुमच्याकडे लावणीला कोण घरात बसतं. मग पुन्हा वाटतं, एक रविवार आणि सहा दिवस यांत फरक आहे. ताप आलेला बालघर चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी बघितला असता आणि तुला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. याचं उत्तर मिळणार नाही हे मला कळतं. तरी सकाळी दात घासताना, मुलांचे डबे उघडताना तेच चालू असतं.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल तर ती हातांमुळे. मालवणच्या वाचनालयात एक कागद लावला होता, मॉन्टेसरी शिक्षिका व्हायचं असेल तर वर्गात प्रत्यक्ष काम करत दोन वर्षांचं शिक्षण, शिकत असतानाही पगार. तोवर शिकायचं म्हणजे आपण फी भरायची, एवढंच मला ठाऊक होतं. मी डीएड करून सात वर्षं घरात बसलेली, शिकवण्या घेत होते. तू बारावी झालेली, काजूच्या कारखान्यात बिया फोडत होतीस. मुलाखतीला आपण दोघी मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर काढून बसलो होतो आणि तू हात ओढणीखाली लपवले होतेस. मोठ्या ताईंनी ते बाहेर काढायला सांगितले. काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली, जागोजाग साल निघालेली. मला वाटलं, ही गेली. मोठ्या ताईंनी तुझ्यासमोर एक जग आणि एक पेला ठेवला आणि पाणी ओतून दाखवायला सांगितलं. तू ओतलंस. एक थेंब बाहेर नाही, आवाज नाही, घाई नाही. नंतर मी ओतलं. मी ओततानाही काहीतरी बोलत होते.

दोघींनाही घेतलं. सकाळी वर्गात मोठ्या ताईंच्या हाताखाली काम, दुपारी त्यांच्याकडूनच धडे. तू पहिल्या एसटीने यायचीस, झाडलोट व्हायच्या आधी दारात हजर. मोठ्या ताई म्हणायच्या, मुलाला काही दाखवताना हात चालवा नाहीतर तोंड, दोन्ही एकदम नको. तुला हे शिकवावंच लागलं नाही. मला दोन वर्षं लागली. मी गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचून दाखवायला बसले की मूल माझ्या तोंडाकडे बघायचं. तू बसलीस की ते ठोकळ्यांकडे बघायचं.

दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाने मला मनगटाला कडकडून चावलं आणि मी त्याला ढकललं. जोरात नाही, पण ढकललं. मोठ्या ताईंनी बघितलं आणि मला महिनाभर फक्त कोपऱ्यात बसून निरीक्षण लिहायला सांगितलं, मुलांना हात लावायचा नाही. बत्तिसाव्या वर्षी मला ही शिक्षा. मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. तू मागून आलीस. आतून दाराला पाठ लावून उभी राहिलीस, कुणी आत येऊ नये म्हणून. माझं रडणं संपेपर्यंत उभी होतीस. बाहेर निघताना म्हणालीस, तोंड धू, मुलांना कळतं.

यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा लाज वाटत होती, नंतर वेळ निघून गेली.

दुपारच्या धड्यांनंतर आपण अल्बम करायचो. प्रत्येक साधन मुलाला कसं दाखवायचं ते पायरी पायरीने लिहायचं आणि शेजारी चित्र काढायचं, आयुष्यभर पुरेल असं. माझी चित्रं म्हणजे गिरगोट्या. तुझं लिहिणं अडखळत चालायचं, ‘आहे’च्या जागी ‘आसा’ पडायचं. मग आपण वाटून घेतलं. माझ्या चारही अल्बमांतली चित्रं तू काढलीस आणि तुझ्या अल्बमांतली भाषा मी सुधारली. मला ते बरोबरीचं वाटायचं. आज पानं उलटते तेव्हा दिसतं, मी तुझ्या वाक्यांवर लाल पेन चालवलं होतं. तू माझ्या पानांवर काहीच खोडलं नव्हतंस.

भाषेवरून आपलं भांडण पहिल्या वर्षापासून होतं. आमच्या घरी मालवणी बोलायची नाही, असा अण्णांचा नियम. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे. मासळी घेताना आई मालवणी बोलायची ती दाराबाहेर, उंबरा ओलांडला की भाषा बदलायची. मी तेच खरं धरून वाढले. तू मात्र मुलांशी सरळ त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचीस. खरखरीत आणि गुळगुळीत फळ्या दाखवताना मी म्हणायचे, हे गुळगुळीत, मला गुळगुळीत दे. तू म्हणायचीस, ह्या गुळगुळीत, माका गुळगुळीत दी. बालघर ते एसटी स्टँड एवढ्या रस्त्यात आपण यावर किती वाद घातले असतील. मी म्हणायचे, पहिलीचं पुस्तक तुझ्या बोलीत छापलेलं नाही, तू मुलांना मागे ठेवते आहेस. तू चालता चालता थांबलीस एकदा, तहसील कचेरीच्या वळणावर, आणि म्हणालीस, “पोरांक शब्द ठाऊक आसत गो. तुझे शब्द ठाऊक नायत.”

मग तू तुझ्या पहिलीतली गोष्ट सांगितलीस. लघवीला जायचं होतं, तू घरच्या भाषेत विचारलंस, बाईंनी नीट बोल म्हणून परत बसवलं. नीट कसं बोलायचं ते तुला येत नव्हतं. तू बाकावरच केलीस. त्या दिवसापासून चौथीपर्यंत तू वर्गात तोंड उघडलं नाहीस. हे तू हसत सांगितलंस. मी एसटीची वेळ विचारली.

दुसऱ्या वर्षी तन्वी आली. देवबागची, साडेतीन वर्षांची. वडिलांची पर्यटकांना फिरवायची होडी, आई घरात पाहुण्यांचं जेवणखाण बघायची. ही मुलगी चार महिने वर्गात एक अक्षर बोलली नाही. शेवटच्या वर्षी प्रत्येक उमेदवाराने एका मुलाचा वर्षभराचा अभ्यास लिहायचा असतो. मी तन्वी निवडली. रोज तिच्याजवळ बसायचे, हे काय, ते काय विचारायचे, ती मान खाली घालायची. माझ्या वहीत मी लिहिलं होतं, कान तपासून घ्यावेत, बुद्धीची वाढ मंद असण्याची शक्यता. हे वाक्य तू वाचलंस आणि वही बंद करून माझ्या हातात दिलीस.

नंतर तो गुरुवार आला. तू घरून परडीभर आबोली आणलीस आणि केळीचं सुकं सोप भिजवून त्याच्या दोऱ्या काढल्यास. चटईवर बसून वळेसर, केसांत माळायचे गजरे, करायला लागलीस. मुलांना बोलावलं नाहीस. मी मनात म्हटलं, हे कुठल्याच अल्बमात नाही, मोठ्या ताई रागावतील. दोन-तीन मुली येऊन बसल्या. तन्वी शेल्फाला टेकून उभी होती. मग ती आली, तुझ्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, माका पण.

तू वर बघितलं नाहीस. तिच्या हातात दोरी दिलीस, तिच्या बोटांवर तुझी बोटं ठेवलीस आणि म्हणालीस, ये, बस हय. त्या सकाळी ती अकरा वाक्यं बोलली. मी कोपऱ्यात बसून सगळी लिहिली.

आता जे लिहिते आहे ते तू असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. तुला माहीत होतं, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शुद्धीवर असताना, मी ते पान पक्कं करायला बसले आणि बदललं. लिहिलं, फुलांच्या कामाच्या वेळी मुलीने प्रथमच स्वतःहून संवाद साधला, ‘मला पण’ असे म्हणाली. तुझं नाव लिहिलं नाही. ‘शिक्षिकेच्या संयमित उपस्थितीत’ असं लिहिलं. वाचणाऱ्याला वाटेल ती शिक्षिका मी. खोटा असा एकही शब्द त्यात नव्हता, एक सोडून. ‘माका’चं ‘मला’ केलं. मी स्वतःची समजूत घातली की अभ्यास लिहिताना सगळंच शुद्ध लिहायचं असतं.

बाहेरून दोन परीक्षक आले. त्यांनी तो अभ्यास मोठ्याने वाचला, माझं कौतुक केलं. तू माझ्या शेजारी बसली होतीस. टाळ्या वाजवल्यास.

तेव्हा आपल्या दोघींना माहीत होतं की पुढच्या वर्षी एकीलाच ठेवता येणार आहे. त्याच महिन्यात पालकांची सभा झाली. एक आई उठून म्हणाली की तिचा मुलगा आता पाणी हवं म्हणायचं सोडून पाणी होया असं म्हणतो, तो बालघरात येण्याआधी असं बोलत नव्हता. आणखी दोघांनी माना डोलावल्या. सभेनंतर मोठ्या ताईंनी मला एकटीला आत बोलावलं. त्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, तुम्ही दोघी दोन वर्षं बरोबर काम केलंत, वैजयंतीबद्दल तुला काय वाटतं.

मी तन्वीचं सांगू शकले असते. दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, “तिचा मुलांवर जीव आहे, ताई. पण भाषेचं मी काही सांगू शकत नाही.”

एवढंच. तुझी निंदा केली नाही. बाहेर आले तेव्हा तू मुलांच्या चटया गुंडाळत होतीस. काय म्हणाल्या, असं विचारलंस. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवसांचं विचारत होत्या.

जागा मला मिळाली. निकाल कळल्यावर तू रडली नाहीस, मोठ्या ताईंच्या पाया पडलीस. शेवटच्या दिवशी कपाट आवरताना माझा तन्वीवरचा अभ्यास तुझ्या हाती लागला आणि तू तो पहिल्यांदाच स्वतः वाचलास. उभ्याने, पूर्ण वाचलास. मला तुझी पाठ दिसत होती. मग तू तो परत जागेवर ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ता ‘मला’ बोलाक नाय, मेघा. ‘माका’ बोलला.”

मी म्हटलं, लिहिताना तसं लिहावं लागतं. तू म्हणालीस, होय. मग पिशवी उचललीस. तुझ्या नावाचं विचारशील म्हणून मी वाट बघत होते, उत्तरही तयार ठेवलं होतं. तू नावाचं काढलंच नाहीस. तू त्या मुलीच्या एका शब्दाबद्दल बोललीस. माझं तयार उत्तर तसंच राहिलं आणि अजून तसंच आहे.

मी तुला एसटीपर्यंत सोडायला आले नाही.

पहिला फोन तू दिवाळीनंतर केलास. आवाजात आनंद होता. घरच्या पडवीत पाच मुलं जमवली होतीस, सकाळी दोन तास. दुपारी कारखान्यात जात होतीस. तुझ्या अल्बमांना पावसाळ्यात वाळवी लागली होती. मेघा, तुझे दे, उतरून घेऊन परत करते, असं म्हणालीस. मी म्हटलं, रविवारी घेऊन येते. दुसरा फोन शिमग्याच्या आधी. मुलं आठ झाली होती. अल्बमांचं पुन्हा विचारलंस, अगदी हलकेच, जसं काही तूच विसरली होतीस. मी म्हटलं, या रविवारी नक्की.

मालवणहून तुझं गाव एसटीने पाऊण तास. अल्बम बालघराच्या कपाटात, हात लांब केला की मिळतील असे. झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे. मला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. मला तुझ्या पडवीत बसून तुझ्या हातचा चहा प्यायचा नव्हता. तू चांगली वागली असतीस, मला तेच सहन झालं नसतं.

तुझी बातमी कळली त्याच दिवशी दुपारी मी मोठ्या ताईंकडे गेले. त्या खुर्चीत बसून होत्या, चष्मा हातात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तन्वी कुणाशी बोलली, काय बोलली, मी वहीत काय लिहिलं, काय गाळलं. मला वाटलं होतं त्या संतापतील. मला हाकलतील, असंही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मेघना, मी त्या दिवशी दारातच उभी होते. मीही ऐकलं होतं.”

मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या की पालकांनी सात-आठ मुलं काढून घेतली असती तर बालघर चाललं नसतं, दोघींचीही जागा गेली असती. त्यांनी माझं मत विचारलं ते फक्त आपल्या मनाला आधार म्हणून. मी थोडी जरी तुझ्या बाजूने बोलले असते तर कदाचित त्यांनाही बळ आलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. मी म्हटलं, नाही ताई. शेवटी त्यांनी चष्मा पुसून घातला आणि उद्याच्या वर्गाची तयारी झाली का ते विचारलं. तयारी झालेली नव्हती. मी उठून पाण्याचे जग भरले.

सहाव्या दिवशी तुझ्या घरी गेले. अल्बम पिशवीत घातले होते. कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही. पण ठरवून गेले होते, की तुझ्या आईला सगळं सांगायचं. तुमची मुलगी कमी पडली नव्हती, मी तिचं नाव पुसलं, एवढं तरी त्या घराला कळलं पाहिजे. एसटीत बसून मी वाक्य जुळवत होते. मालवणीत जुळवत होते. काकी, माझ्याकडसून एक चूक झाली. तेवढंच यायचं, पुढचं यायचं नाही.

पडवी बघितली, वैजू. आंब्याच्या पेट्या आडव्या रचून तू शेल्फं केली होतीस, मुलांच्या छातीइतक्या उंचीची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ओतायच्या कामाला घासलेल्या करवंट्या. सुताराकडचा खरखरीत कागद कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली अक्षरं, वळणं अगदी मोठ्या ताईंच्या अक्षराची. आणि चित्रांची कार्डं. कोंबड्याचं चित्र, खाली तुझ्या सावकाश अक्षरात दोन ओळी. वर कोंबो, खाली कोंबडा. आंबो, आंबा. कुत्रो, कुत्रा. मी एकेक कार्ड उलटत गेले, सगळ्यांवर दोन ओळी होत्या.

म्हणजे आपल्या भांडणातलं माझं म्हणणं तू ऐकलं होतंस. रोज एसटी स्टँडपर्यंत मी जे बडबडत होते त्यातलं जे खरं होतं ते तू घरी नेलंस आणि मुलांना दिलंस, तुझ्या शब्दाच्या खाली, तुझा शब्द न पुसता. मला दोन वर्षांत हे सुचलं नाही. मी पडवीत उकिडवी बसून रडले. तुझी वहिनी माझ्या पाठीवर हात फिरवत होती, जणू दुःख माझंच होतं.

एक लहान मुलगी अंगणात येऊन उभी राहिली, फ्रॉक धुतलेला, केस विंचरलेले. तिच्या आजीने तिला मागून ओढत परत नेलं. जाताना ती काही रडली नाही, मागे वळून शेल्फाकडे बघत गेली. वहिनी म्हणाली, रोज येतात एकदोन, किती सांगायचं.

अल्बम मी एका पेटीवर ठेवले. ते उघडून वाचेल असं त्या घरात आता कुणी नाही. वहिनी दिवसभर शेतात असते. मोठ्या ताईंना मी तुझ्या घरी निघताना विचारलं होतं, शनिवारी या मुलांकडे गेले तर चालेल का. त्या म्हणाल्या, बघू. मी त्यांना पुन्हा विचारेन की नाही हे मलाच सांगता येत नाही. तुला दोनदा रविवार कबूल करून न आलेली बाई मी. माझ्या शब्दावर माझाच विश्वास उरलेला नाही.

तुझी आई माजघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. सुतकाचं घर, चहा शेजारणीने आणला. तिने मला ओळखलं. तू मोबाईलवर आपला फोटो दाखवायचीस म्हणे. मला जवळ बसवलं आणि तुझ्याबद्दल काही न बोलता लावणीचं बोलत राहिली. ते दोन कोपरे बरे धरलेत, म्हणाली. वहिनी बाहेर पडवीत होती, आत दुसरं कुणी नव्हतं. मी वाक्य तोंडात आणलं होतं.

तेवढ्यात तिनेच विचारलं, “बाय, तू तिच्यावांगडा होतंस मा दोन वर्सा. खरा सांग. तिचा काम बरा नाय होता काय?”

मी म्हटलं, तिचं काम आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, काकी.

“मगे तिका ठेवल्यानी कित्याक नाय?”

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, राग नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. वैजू, तिथे मला कुणी अडवलं नव्हतं. कुणी ऐकत नव्हतं, कसली नोकरी जाणार नव्हती. मी म्हटलं, “जागा एकच होती, काकी.”

तिने मान हलवली. पदराने कपबशी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. आणि म्हणाली, “वैजू पण असाच सांगी.”